डोक्याकडची गाठ

मंगळवार, २ सप्टेंबर

या वहीच्या पुढच्या अर्ध्या भागात पाचव्या सत्राची गणितं आहेत. ती आता माझ्या काही कामाची नाहीत, म्हणून वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतोय.

कॉलेज सोडून सात महिने झाले. का सोडलं असं कुणी विचारलं की मी सांगतो, सरांशी पटलं नाही. झालं असं होतं की सरांनी भर वर्गात माझा प्रकल्प हातात उंच धरून दाखवला आणि विचारलं, हे खेळणं कुणाचं? मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खिडकीबाहेर फेकला. प्रकल्प माझा, फुटला तोही माझाच. फक्त माफी मागितली असती तरी भागलं असतं म्हणे. मी नाही मागितली.

पण आज लिहायचं कारण ते नाही. आज वेनिंग आमच्या वर्कशॉपमध्ये आली होती.

माझा काका, लिक हार्जो, फायबरचे प्राणी करतो. इथे जावात, बंतुलच्या गल्ल्यांतून लहान पोरांना बसवून फिरवतात ती हलती बदकं आणि घोडे निम्मे आमच्याकडचे. वेनिंगला बदक नको होतं. तिला यंत्रमानवाची कवचं हवी होती, दोन. चाकं, मान हलवणारी मोटर आणि स्पीकर तिच्या विभागाने दिलाय. तेच यंत्र, तोच आवाज. वरचं रूप मात्र एकदा यंत्रासारखं आणि एकदा माणसासारखं. मग आमच्याच गावच्या बालवाडीतल्या बावीस मुलांना विचारायचं: याला दुखतं का? याला कपाटात बंद करून ठेवलं तर चालेल का? तुझं गुपित याला सांगशील का? रूप बदललं की उत्तरं बदलतात का, हे तिला शोधायचंय. महिनाअखेरपर्यंत सगळं संपवून कुठेतरी पाठवायचंय.

लिक म्हणाला, "बाई, मी बदकं करतो. माणसं करणारा वर बसलाय."

"मग दामार करेल," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "देक, करशील ना?"

देक. धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी कॉलेजात पाऊल टाकलं तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती, आता तिथेच संशोधन करते. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मी घसरून पडलो तेव्हाही तिने देकच म्हटलं होतं. मी तिला म्बाक म्हणतो, ताईला म्हणावं तसं. तोंडाने. मनात नुसतं वेनिंग.

तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी हो म्हणून बसलो होतो.

अजून एक काम माझ्याकडे आलंय. यंत्राला स्वतःचं बोलता येत नाही. पडद्यामागे बसून मी बोलायचं, आवाज बारीक होऊन स्पीकरमधून येणार. तिने बारा वाक्यांचा कागद दिला. कागदाबाहेर एक शब्दही नाही, हे तीनदा बजावलं.

सोमवार, ८ सप्टेंबर

पहिली फेरी. यंत्रासारखं रूप म्हणून मी डोकं चालवून जुन्या खानावळीतला क्रुपुकचा, म्हणजे कुरकुरीत पापडांचा, डबा आणला होता. चौकोनी, निळा, पुढे काच. आत चाकं आणि मोटर बरोब्बर बसली. वरून दोन दिवे लावले. मला तर झकास वाटला.

मुलांनी डबा बघितला आणि सरळ येऊन झाकण उघडलं. ज्याला त्याला क्रुपुक पाहिजे. सात्र्यो नावाच्या एका गुंडाने कोपरापर्यंत हात आत घातला, बाहेर काढला आणि ग्रीस लागलेली बोटं बघून म्हणाला, "बाई, हे खराब झालेत."

वेनिंग तोंडावर हात धरून हसत होती. पडद्याच्या फटीतून मला तिचं फक्त कोपर दिसत होतं, तेही हसत होतं.

उत्तरं: दुखतं का? बावीसच्या बावीस नाही म्हणाले. कपाटात ठेवावं? वीस जणांनी हो सांगितलं, दोघी नको म्हणाल्या कारण कपाटात आधीच पुस्तकं आहेत. गुपित? कुणीच सांगणार नाही. डब्याला काय सांगायचं.

एक मुलगी जरा वेगळी वाटली. निंग्रुम. हिचे आजोबा गावातल्या मयतांना आंघोळ घालून कफन बांधतात, त्यामुळे पोर कशालाच भीत नाही. ती डब्यापुढे मांडी घालून बसली आणि विचारलं, "आत कोण आहे?" कागदावर होतं ते मी बोललो, "मी आहे." ती म्हणाली, "मी म्हणजे कोण?" कागदावर उत्तर नव्हतं, गप्प बसलो. मग ती जमिनीला गाल टेकवून खालून काहीतरी बघत राहिली. चाकं बघत असावी.

गुरुवार, ११ सप्टेंबर

चेहरा करतोय. शाडूसारखी माती, मग साचा, मग फायबर.

लिक म्हणतो गोल डोळे ठेव, पोरांना गोल डोळे आवडतात. पण याच लिकचे वडील चामड्याच्या बाहुल्या कोरायचे, आणि त्यांनीच मला लहानपणी शिकवलंय की बटबटीत गोल डोळे राक्षसाचे, खानदानी माणसाचे बारीक आणि खाली झुकलेले. मी ते लिकला ऐकवलं. तो म्हणाला, तू मला माझ्या बापाचं शिकव आता.

बारीक केले. हात आपोआप चालला, हे खरं लिहितो. डोळे झाल्यावर नाक सुचलं, नाकाबरोबर ओठांची डावी कड थोडी वर.

कागद नव्हता म्हणून आधी डोळा काढून बघितला तो वेनिंगने दिलेल्या फॉर्मच्या पाठीवर. कॉलेजात परत प्रवेश घ्यायचा फॉर्म. मी मागितला नव्हता. माझ्या विभागात जाऊन तिनेच आणला आणि डब्याचं माप घेता घेता माझ्या हातात ठेवला. माझ्यासाठी एवढ्या लांब गेली याचा आनंद मानावा की हिलाही मी अर्धवट वाटतो याचा राग, ते ठरत नाही. आधी एक वाटतं, मग दुसरं. जेवताना दोन्ही.

संध्याकाळी लिक लवंगेची सिगरेट ओढत मातीच्या चेहऱ्यापुढे बराच वेळ उभा होता.

"हिला मी ओळखतो का रे?"

"नाही. डोक्यातून केलंय."

"डोक्यातून आलीय ते दिसतंयच," तो म्हणाला आणि बदकांकडे गेला.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दुसरी फेरी. नीट लिहायला हवं.

चेहरा लावून यंत्र आत नेलं. मग सगळ्यांत लहान पोरगा, जालू, पुढे आला. मोठ्यांचा हात कपाळाला लावून नमस्कार करायची सवय, तो हात शोधायला लागला. यंत्राला हातच नाहीत, तसं ठरलंच होतं. जालूने क्षणभर विचार केला आणि यंत्राच्या खांद्यालाच कपाळ टेकवलं. मग सगळ्यांनी रांगेने टेकवलं. चांगलं चाललंय असं वाटलं.

मग जालू म्हणाला, "ही बू वेनिंगची मुलगी आहे." बाईंना मुलं बू म्हणतात.

"मुलगी नाही, बहीण," सात्र्यो म्हणाला. "नाक बघ की."

बावीस डोकी वेनिंगकडे वळली. तिने यंत्राच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. फटीतून आमची नजर भिडली की नाही, सांगता येणार नाही.

तिने प्रश्न विचारले, आवाज नेहमीचाच. दुखतं असं एकोणीस जण म्हणाले. कपाटात एकानेही ठेवू दिलं नाही, कारण बू वेनिंग रागावेल. गुपित कुणी सांगणार नाही, कारण ही घरी जाऊन बू वेनिंगला सांगेल. म्हणजे ही उत्तरं यंत्राबद्दलची नव्हेतच. एवढं तर मलाही कळतं.

परतीला ती माझ्या मोटरसायकलवर मागे बसली होती. पुलावर म्हणाली, "चेहरा बदल, देक."

"का?"

"का ते तुला माहीत आहे."

बस, एवढंच. मी गाडी इतकी पळवली की तिने माझं जॅकेट घट्ट धरलं. रागावली असती तर ओरडली असती. ओरडली नाही. मग न रागावलेला माणूस असं बोलतो का? आणि जॅकेट धरलं ते भीतीनेच ना?

बुधवार, १७ सप्टेंबर

नाक कापलं. परत जोडलं. परत कापलं.

शनिवार, २० सप्टेंबर

नवा चेहरा झाला. गोल गाल, बसकं नाक, कुणाचाच नाही असा. वेनिंग बघायला आली, चांगला आहे म्हणाली. शेवटची फेरी येत्या शुक्रवारी, त्यानंतर शाळेला सुटी आहे. पहिल्या फेरीशी ताडून बघायला माणसाच्या रूपाची एक तरी चांगली फेरी हवी, आणि मागची तर माझ्यामुळे वाया गेली. हे शेवटचं ती बोलली नाही, मी लिहिलं.

मग चहा पिताना तिने सांगितलं की हे सगळं जपानमधल्या ओसाकाच्या विद्यापीठाला पाठवायचंय. तीस तारखेच्या आत. निवडलं तर अडीच वर्षं तिकडे.

हे तिने असं सांगितलं, जणू मला पेढाच देतेय. "आणि तूही परत जा. फॉर्म भरलास?"

"तुम्ही सगळे लोक सारखेच," मी म्हणालो.

"कोण लोक?"

"जाणारे लोक."

लिकने बदकाच्या पाठीवरून वर बघितलं. ती चहा अर्धा ठेवून गेली.

मी हिशेब मांडला. शुक्रवारी मुलं नीट बोलली तर ती जाणार. नाही बोलली तर राहणार. म्हणजे तिचं काम व्हावं म्हणून मी इतके दिवस फायबरची धूळ खातोय ती तिने जावं म्हणून. माझ्यासारखा गाढव अख्ख्या जावात नसेल.

हे नुसतं लिहिलंय. मनात काही नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

मेरापी ज्वालामुखीने काल संध्याकाळपासून राख सोडलीय. सकाळी अंगण, केळी, बदकं, सगळं करड्या पिठात लोळल्यासारखं. त्यात आज क्लिवोनचा शुक्रवार, भुताखेतांचा म्हणतात तो. लिक अशा दिवशी नखंसुद्धा कापत नाही.

वेनिंग बसने पुढे गेली होती. यंत्र मी एकट्याने आमच्या तीनचाकी गाडीवर न्यायचं होतं. राख मोटरमध्ये गेली तर संपलंच, म्हणून झाकणं भाग होतं. एरवी निळं प्लास्टिक असतं, ते लिकने ओल्या रंगाच्या बदकांवर टाकलेलं. कोपऱ्यात पांढऱ्या मांजरपाटाचा तागा होता. मी यंत्र त्यात गुंडाळलं आणि आत हवा शिरू नये म्हणून डोक्यावर एक गाठ, मानेला एक, खाली चाकांपाशी एक अशा तीन गाठी मारल्या. गाडीत उभंच केलं, आडवं ठेवलं तर मान तुटते.

शेताच्या बांधावरचा रस्ता सगळा खड्ड्यांचा. मुलं तोंडाला मास्क लावून ओट्यावर उभी होती, उजेड राखेचा. आणि त्या उजेडातून पांढऱ्या कपड्यात बांधलेलं, डोक्यावर गाठ असलेलं काहीतरी टुण्‌टुण् उड्या मारत त्यांच्याकडे आलं.

"पोचोंग! पोचोंग!"

पोचोंग म्हणजे पुरताना ज्याच्या कफनाच्या गाठी सोडायच्या राहून गेल्या त्याचं भूत. हातपाय बांधलेले, चालता येत नाही, म्हणून उड्या मारत येतो. या नावाच्या भीतीने मी स्वतः नऊ वर्षांचा होईपर्यंत एकटा मोरीत गेलेलो नाही. आणि मलाच हे सुचलं नाही?

जालूची चड्डी ओली झाली. मुलं धावत आत गेली आणि कपाटामागे दाटीवाटीने बसली. मुख्याध्यापिका बू तुतिकने आधी कुराणातली आयत म्हटली, मग चप्पल मारली, ती गाठीला लागली. वेनिंग बाहेर आली. तिच्या केसांवर राख होती.

"निळं प्लास्टिक कुठे होतं?"

"बदकांवर."

होतं. बदकांवरच होतं. पण एकच बदक ओलं होतं, बाकीची परवाच वाळली होती. ओढून घेता आलं असतं.

आणि आणखी एक. वळणावर मी आरशात बघितलं होतं. मागे उभं असलेलं ते मला दिसलं होतं. दिसल्यावर मला काय वाटलं, ते इथे लिहायला बसलोय आणि आठवत नाही. खरंच आठवत नाही. काहीतरी वाटलं, आणि मी गाडी थांबवली नाही.

आता पुरे.

शनिवार, २७ सप्टेंबर

काल अर्धंच लिहिलं.

यंत्र आत नेऊन ठेवलं होतं, तसंच बांधलेलं. वेनिंग कापड काढायला गेली तर बू तुतिक म्हणाली, मुलांसमोर हात लावू नका, घरी पाठवते सगळ्यांना. वेनिंगने भिंतीला पाठ टेकली. ती रडत नव्हती. फक्त हातातली पेन्सिल उलटी सुलटी करत होती. मला ते बघवेना म्हणून मी पडद्यामागे जाऊन बसलो. तिथे माइक होता आणि बारा वाक्यांचा कागद.

तेवढ्यात निंग्रुम कपाटामागून निघाली आणि सरळ यंत्रापुढे आली. तिला बघून वेनिंगही पुढे झाली, तिचा हात कापडाला लागणार तोच पोरगी म्हणाली, "अशी नाही सोडायची. डोक्याकडची आधी. आजोबा डोक्याकडची आधी सोडतात. मला उचला."

वेनिंगने तिला उचलून घेतलं. पोरीने गाठीवर हात ठेवला, पण सोडली नाही. शिस्तीने आधी विचारलं, "तुला कुणी बांधलं?"

कागदावर बघितलं. मी गाणं म्हणू का. मला लाल रंग आवडतो. तुझं नाव काय. बारांपैकी एकही उपयोगाचं नाही. माझा अंगठा बटणावर होता आणि तो दाबला गेला.

"मी," स्पीकर म्हणाला. तेही बारीक, चिमणीसारख्या आवाजात.

"स्वतःच?"

"हो. चुकून."

निंग्रुम थांबून राहिली. लोकांना खोटं बोलू द्यायचं आणि वाट बघायची, ही तिच्या आजोबांची सवय असणार.

"चुकून नाही," मी म्हणालो. "बहुतेक."

वेनिंग पडद्याकडे वळली नाही, पोरीला धरून तशीच उभी राहिली.

"बरं," निंग्रुम म्हणाली. "आता मी सोडते. सोडली की जायचं. इथेच घुटमळायचं नाही, नाहीतर लोकांना त्रास होतो. जाशील?"

"जाईन."

तिने डोक्याकडची सोडली, मग मानेची, मग खाली उतरून चाकांपाशी बसून तिसरी. कापड गळून पडलं. एक एक करून मुलं कपाटामागून आली. चार दिवस खपून केलेल्या चेहऱ्याकडे एकानेही बघितलं नाही. सात्र्यो कापडाची घडी घालू लागला.

वेनिंगने वही उचलली आणि तेच तीन प्रश्न विचारले. दुखतं का? आधी दुखत होतं, आता नाही, असं जवळजवळ सगळेच. कपाटात ठेवावं का, यावर तर मुलं तिच्यावरच चिडली, आताच सोडलंय ना त्याला. गुपित सांगायला रांग लागली. मी अठरा गुपितं ऐकली. ती इथे लिहिणार नाही.

हे चांगलं झालं की वाईट? तिची फेरी झाली की बुडाली? परत येताना विचारलं तर ती म्हणाली, मला विचार करू दे. आणि देक म्हणाली नाही.

सोमवार, २९ सप्टेंबर

दुपारी निंग्रुम आजोबांबरोबर वर्कशॉपमध्ये आली. मशिदीतल्या तिरडीचा दांडा तडकलाय, तो फायबरने सांधायचा होता. लिक आणि आजोबा दांडा बघत होते. फळीवर यंत्र ठेवलेलं होतं. मला गंमत सुचली. माइक घेऊन बारीक आवाजात विचारलं, "ओळखलंस?"

तिने फळीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"तो गेला ना," ती म्हणाली. "आता तू कशाला बोलतोस?"

"मी?"

"तूच बोलायचास. पडद्याखालून चप्पल दिसायची. पिवळी, तारेने बांधलेली."

मी पायांकडे बघितलं. डाव्या चपलेचा पट्टा तुटलाय, त्याला निळी तार आहे.

"सगळ्यांना माहीत होतं?"

"जालूला नाही सांगितलं. तो लहान आहे."

"मग दुखतं म्हणालात ते कुणाला?"

मोठ्या माणसांना सोपं सांगावं लागतं तसं तिने सांगितलं. "डब्यात होतास तेव्हा तुला काही होत नव्हतं. त्या चेहऱ्यात होतास तेव्हा दुखत होतं. कळत होतं की."

"आणि गाठ? ती कुणाची सोडलीस?"

"ज्याने बांधली म्हणाला त्याची," ती म्हणाली आणि आजोबांकडे पळाली.

आता काय करू? उद्या तीस तारीख. एकवीस मुलं पहिल्या दिवसापासून मला ओळखून बोलत होती. म्हणजे वेनिंग जे यंत्राबद्दल लिहितेय ते यंत्राबद्दल नाहीच, की आहेच, मला कळत नाही. सांगितलं नाही तर ती खोटं पाठवेल आणि जाईल. सांगितलं तर कदाचित राहील. म्हणजे मला सांगावंसं वाटतंय ते खरेपणामुळे की पुन्हा मांजरपाट गुंडाळायला? चार वेळा दारापर्यंत गेलो. चप्पल घातली की त्या निळ्या तारेकडे बघत बसतो.

मंगळवार, ३० सप्टेंबर

सांगितलं. सकाळीच तिच्या खोलीच्या ओट्यावर जाऊन एका दमात. चपलेचं, आरशाचं, एकाच ओल्या बदकाचं. माफीसुद्धा मागितली. मागून टाकली की ती अगदी लहान असते, एवढीशी.

ती बराच वेळ माझ्या चपलेकडे बघत होती. मग विचारलं, "पडद्याखाली किती जागा होती?"

"चार बोटं."

तिने लिहून घेतलं, चार बोटं. मग मला समोर बसवून तिने दोन पानं नवी लिहिली. यंत्राचं रूप तिसऱ्या फेरीत ठरल्यापेक्षा वेगळं होतं. आवाज देणाऱ्याने कागदाबाहेरची वाक्यं उच्चारली. बहुतेक मुलांना आवाज देणारा दिसत होता, तरीही रूपाप्रमाणे उत्तरं बदलली. माझं नाव कुठेच घातलं नाही.

"बुडालं का सगळं?"

"माहीत नाही. पण हे खरं आहे, हेच पाठवते."

उठताना तिने विचारलं, "त्या दिवशी बोललं ते कोण होतं?"

मी म्हणालो, "यंत्र."

"बरं. मग यंत्राला सांग, मी ऐकलं."

याचा अर्थ काय? ऐकलं आणि? ऐकलं म्हणून काय? लिकला विचारलं. तो म्हणाला, ऐकलं म्हणजे ऐकलं, ओलं बदक उचल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ओसाकाने तिला घेतलं. मुलाखतीत त्यांनी सगळ्यांत जास्त चार बोटांबद्दलच विचारलं म्हणे. काल गेली. विमानतळाच्या बसपर्यंत मीच बॅग नेली. काही बोलायचं ठरवून गेलो होतो, तिथे बसच्या इंजिनचा इतका आवाज होता की बोललो असतो तरी ऐकू गेलं नसतं, आणि नाहीच बोललो. ती खिडकीतून म्हणाली, "येते, देक." पहिल्यांदाच ते देक मला बोचलं नाही. का, ते माहीत नाही. कदाचित आज रात्री बोचेल.

आज कॉलेजात गेलो. का गेलो तेही नीट सांगता येणार नाही, पाय तिकडे गेले. फॉर्ममध्ये 'सोडण्याचं कारण' अशी एक ओळ असते. सरांशी पटलं नाही असं लिहून खोडलं आणि लिहिलं, प्रकल्प मी स्वतः फेकला.

खिडकीतल्या कारकुनाने वाचलं, भुवई उचलली, फॉर्म उलटा केला. पाठीवर तिचा डोळा. बारीक, खाली झुकलेला, पेन्सिलीचा. मी विसरलोच होतो.

"हे काय?"

"डोळा आहे."

"ते दिसतंय," तो म्हणाला. शिक्का मारायला दुसरीकडे जागा भरपूर होती, पण त्याने नेमका डोळ्यावरच मारला. "पुढच्या वेळी कोरा कागद आणा."